व्याह्यांचं विमान डावीकडं ओढतं

आमच्या व्याह्यांनी देवावर विश्वास ठेवला, बायकोवर ठेवला, एकदा तर सोसायटीच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या चुलतभावावरही ठेवला. पण दुसऱ्याच्या ब्रेकवर त्यांनी उभ्या आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. भांडगावला हायवेपासून थोडं आत त्यांची वस्ती आहे. शिरूरजवळच्या एका कंपनीची स्टाफ बस त्यांनी एकतीस वर्षं चालवली. सकाळी यवतला पहिली माणसं घ्यायची, चौफुल्याला वळायचं, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडायची आणि न्हावऱ्यावरून शिरूर गाठायचं. एवढ्या वर्षांत त्यांच्या बसखाली कोंबडीचं पिल्लूसुद्धा आलं नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. समोरच्याने सांगेपर्यंत फक्त विषय तिथंच घुटमळत ठेवतात.

त्यामुळं झालंय असं की, जगातल्या उरलेल्या सगळ्या ड्रायव्हरांकडे ते शिकाऊ म्हणून बघतात. माझ्या गाडीत ते पुढं डावीकडं बसतात आणि समोर म्हैस दिसली की माझ्याआधी त्यांचा उजवा पाय दाबला जातो. तिथल्या मॅटला आता टाचेएवढा खड्डा पडला आहे. रिक्षात बसण्यापूर्वी ते रिक्षाला एक प्रदक्षिणा घालतात आणि प्रत्येक टायरला चपलेने टिचकी मारून आवाज ऐकतात. घरातला मिक्सर सुरू झाला तर बाहेरच्या ओट्यावरून सांगतात, "बेरिंग गेलंय." आणि ते खरोखरच गेलेलं असतं. लेकीच्या लग्नात वऱ्हाड शिरूरला आलं, तेव्हा मंगल कार्यालयाच्या दारात व्याहीभेटीसाठी मी हार घेऊन उभा होतो. नवरदेवाची सजवलेली गाडी आली, तर स्टिअरिंगवर फेटा बांधलेले खुद्द वरपिता, आणि भाड्याने आणलेला ड्रायव्हर मागे नवरदेवाला खेटून अवघडून बसलेला. व्याही उतरले, पण माझ्याकडं आले नाहीत. आधी चारी टायर बघितले, बॉनेटवर हात ठेवून इंजिन किती तापलंय ते अजमावलं, आणि मग निवांत गळाभेटीला आले. माझ्या हातातला हार तोवर अर्धा सुकला होता.

असा हा माणूस. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा जावई, नोकरीला जर्मनीत. दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीला दिवस गेले. बाळंतपणाला तिला माहेरी येणं जमेना, म्हणून माहेर आणि सासर दोन्हींनी उठून तिकडं जायचं ठरलं. माझी बायको, मी, विहीणबाई आणि व्याही अशी चौघांची तिकिटं जावई काढणार होता. विहीणबाईंनी तर डिंकाचे लाडू किती दिवस टिकतात याचा हिशोबही करून ठेवला. आणि व्याह्यांनी शांतपणे सांगितलं की ते येणार नाहीत. कारण एकच. ते मला म्हणाले, "पाव्हणं, जी गाडी कशी चालती ते मला ठावं न्हाई, तिच्यात मी बसत न्हाई. एस्टीत बसलो तर निदान ड्रायव्हर चुकला तर कळतं तरी. हितं तर तो दार लावून बसतो म्हणं."

विहीणबाई म्हणाल्या, बरं, मग तुम्ही म्हशीपाशी राहा. त्यावर ते लगेच हो म्हणाले, आणि तिथंच सगळ्यांना कळलं की माणूस आतून दुखावला आहे. कारण म्हशीशी त्यांचं कधीच पटलेलं नव्हतं. पुढं पुढं विहीणबाई मला फोनवर सांगायच्या की वरून पुण्याच्या लोहगाव विमानतळाकडं जाणारं विमान दिसलं की हे अंगणात येऊन उभे राहतात, मान दुखेपर्यंत बघतात, आणि न जेवता झोपतात. पहिलं नातवंड होणार होतं. ते बघायची ओढ त्यांना आमच्याइतकीच होती. फक्त ओढीपेक्षा तत्त्व मोठं होऊन बसलं होतं.

तोडगा काढला तो जावयाने. त्याने फोनवर विचारलं, "गाडी चालवायला शिकलात तर बसाल का?" घरात त्याचा जुना कॉम्प्युटर होता. त्यावर घालायला त्याने विमान चालवायचा एक खेळ सुचवला, जो खेळ कमी आणि शिकवणी जास्त अशा प्रकारचा असतो, आणि ऑनलाइन एक जॉयस्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, मागवून दिली. वस्तीवर कुरिअरवाला येत नाही, तेव्हा व्याही स्वतः यवतला जाऊन खोकं घेऊन आले. मी शिरूरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळं खेळ घालायचं आणि जोडणीचं काम आपोआप माझ्याकडं आलं. एका रविवारी मी खेळ पेनड्राइव्हवर घेऊन भांडगावला पोचलो, तेव्हा व्याह्यांनी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खोकं टेबलावर मांडलं होतं आणि त्याला हळदकुंकू लावलं होतं. आतून काळी, बुंध्याला चार रबरी पकडी असलेली, बोटाबोटाला बटणं असलेली दांडी निघाली. व्याह्यांनी ती एकदा मुठीत धरून पाहिली आणि म्हणाले की गिअरची दांडी झकास आहे, पण क्लच कुठंय?

वायर खोचली. स्क्रीनवर इंग्रजीत एक पाटी आली. व्याह्यांचं इंग्रजी बेताचं, पण त्या पाटीतला एक शब्द त्यांनी एकतीस वर्षं छातीवर वागवलेला होता. त्यांनी चष्मा सारखा केला आणि बोट ठेवून वाचलं, "ड्रायव्हर." मग मला विचारलं, पुढं काय लिहिलंय? मी सांगितलं, ड्रायव्हर सापडत नाही असं म्हणतोय. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "त्येला सांगा, आलाय म्हणून."

मला हसू आवरेना, पण ते अजिबात विनोद करत नव्हते. कॉम्प्युटरला लागतो तो ड्रायव्हर म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम असतो, हे समजावून सांगितल्यावर ते जरा नाराजच झाले. एवढं मोठं नाव एवढ्याशा कामाला दिलेलं त्यांना पटलं नाही. मी पाण्याच्या टाकीपाशी मोबाइल धरून नेटची रेंज पकडली, तो प्रोग्रॅम उतरवला, घातला, आणि दांडी एकदाची ओळखली गेली.

पहिल्या दिवशी व्याह्यांनी सात विमानं पाडली. वर जायचं तर दांडी आपल्याकडं ओढायची असते. ते पुढं ढकलायचे, आणि विमान नाक खाली करून जमिनीत घुसायचं. सेटिंगमध्ये एक खूण केली की दांडीची दिशा उलटी करता येते, तसं करून देऊ का, असं मी विचारलं. त्यांनी उलट विचारलं, खऱ्या विमानात कसं असतं? ओढायचंच असतं, म्हटलं. "मग मला सुधारू द्या. त्येला कशाला बिघडवता?" माझ्या वर्गातल्या एकाही पोराने मला आजवर असं उत्तर दिलेलं नाही. हॉर्न नाही याचा मात्र त्यांना फार त्रास झाला. समोर घार आली तर तिला कळायचं कसं? शेवटी मी एका बटणावर विमानाचे दिवे लावून दिले. तेव्हापासून धावपट्टी दिसली की ते दोनदा डिपर मारतात.

त्यांनी स्वतःला अट घातली होती. ओळीने दहा वेळा विमान धावपट्टीवर नीट उतरवायचं, मगच तिकीट. आणि खरा घोटाळा इथं झाला. पंधरा दिवसांत त्यांना उडवायला छान जमलं, पण उतरताना विमान हळूहळू डावीकडं सरकायचं आणि पट्टी सोडून गवतात जायचं. दर वेळी डावीकडंच. त्यांचा फोन आला, "गाडी डावीकडं ओढती. अलाइनमेंट गेलंय." मी फोनवरून सांगितलं, वायर दुसऱ्या भोकात खोचा. खोचली. डावीकडंच. त्यांनी गवंड्याकडून लेव्हल आणून टेबल मोजलं, एका पायाखाली पुठ्ठा सारला. डावीकडंच. रबरी पकडी टेबलावरच्या मेणकापडाला धरत नव्हत्या, म्हणून त्यांनी जेवायच्या पाटाला दोन नट-बोल्ट मारून दांडी त्यावर पक्की केली. विहीणबाईंचा एक पाट गेला. विमान डावीकडंच.

तिकडं जावई तिकिटासाठी मागं लागला होता; जागा भरत चालल्या होत्या आणि लेकीला आठवा लागला होता. मी पुन्हा भांडगावला गेलो. व्याही खचलेले दिसले. म्हणाले, एकतीस वर्षं सरळ गेलो, आन् आता ह्ये. मी दांडी काढली, झटकली, पुन्हा जोडली, आणि कॅलिब्रेशन करायला त्यांनाच बसवलं. कॅलिब्रेशन म्हणजे दांडीचा मध्य कुठं आहे ते कॉम्प्युटरला एकदा दाखवून देणं. पहिल्या दिवशीही ते त्यांनीच केलं होतं, माझं लक्ष स्क्रीनकडं होतं. स्क्रीनवर सूचना येते की आता दांडी सोडून द्या आणि बटण दाबा. मी शेजारी बसून सूचना मराठीत सांगत होतो आणि ते बटण दाबत होते. आणि तेव्हा माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडं गेलं. सूचना सोडा म्हणत होती. व्याह्यांनी दांडी धरलेली होती. घट्ट नाही, पण धरलेली. आणि त्यांच्या जड मनगटाच्या भाराने ती किंचित उजवीकडं कलंडली होती. कॉम्प्युटर बिचारा त्या कललेल्या जागेलाच मध्य समजत होता, आणि व्याही दांडी सरळ धरत तेव्हा ती त्याला डावीकडं झुकलेली दिसत होती.

मी म्हटलं, "व्याही, हात काढा."

"चालू गाडीत?"

"गाडी उभी आहे."

"इंजिन चालू हाय की."

मी समजावत राहिलो, आणि ते दांडीकडं असे बघत राहिले, जशी ती त्यांच्याविना घाटातून खाली जाणार होती. शेवटी त्यांनी दोन्ही हात काखेत घातले आणि मान दुसरीकडं वळवली. मी बटण दाबलं.

मग त्यांनी विमान उडवलं. ते सरळ गेलं. उंचावर पोचल्यावर मी म्हटलं, आता पुन्हा हात काढून बघा. या वेळी त्यांनी काढले. विमान आपलं आपण सरळ जात राहिलं, खाली शेतं सरकत राहिली. व्याह्यांनी आधी दांडीकडं बघितलं, मग स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडं. मग हळूच म्हणाले, "म्हंजी इतके दिस मीच ओढत होतो व्हय." त्या संध्याकाळपर्यंत त्यांनी दहापैकी दहा वेळा विमान पट्टीच्या मधोमध उतरवलं. अकरावं उतरवायला मी सांगितलं तर म्हणाले, नको, ठरलं तेवढंच. आणि आतल्या खोलीकडं तोंड करून विहीणबाईंना सांगितलं, "म्हशीचं बघायला कुणाला तरी सांगा."

मुंबईच्या विमानतळावर टायरला टिचकी मारायला कुणी जाऊ दिलं नाही, तेव्हा त्यांनी काचेतून दिसतील तेवढे टायर मोजले आणि बरे आहेत असा शेरा दिला. विमानात त्यांना खिडकी दिली होती. विमान धावायला लागलं तसा त्यांचा उजवा पाय सवयीने दाबला गेला. पण नाक वर उचलायच्या ऐन क्षणाला त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारून सांगितलं, "आता वढतोय," आणि त्याच क्षणी विमान उचललं. पुढच्या रांगेतल्या गोऱ्या बाईंनी मागं वळून पाहिलं. उतरल्यावर दारात विमानाची माणसं निरोप द्यायला उभी होती, आणि त्यांत पायलटही होती, तिशीची एक मुलगी. व्याह्यांनी रांग थांबवून तिला हात जोडले आणि म्हणाले, "ताई, हात हलका हाय तुमचा." मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ती इतकी हसली की व्याही लाजले.

नात झाली. आम्ही अडीच महिने राहिलो. पोरगी रडायला लागली की माझी लेक, माझी बायको, विहीणबाई, सगळ्या थकायच्या. मग व्याही तिला खांद्यावर घ्यायचे आणि घशातल्या घशात डिझेल इंजिनाचा आवाज काढत खोलीभर फिरायचे. आधी पहिला गिअर, मग दुसरा, आणि तिसरा पडला की पोरगी झोपलेली असायची. शेजारच्या जर्मन आजोबांनी एकदा काळजीने येऊन विचारलं की तुमच्या घरात कुठलं यंत्र बिघडलंय का.

निघायच्या दिवशी ती जागी होती. व्याह्यांनी तिला घेतलं, पण आवाज काढला नाही. झोपली तर बघणार नाही, म्हणाले. तिने त्यांचं एक बोट धरलं होतं. लेकीने ते हलकेच सोडवलं. परतीच्या विमानातही त्यांना खिडकीच मिळाली. पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले, आणि ते समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत बसले. विमान धावलं, उचललं, वळलं, ढगांच्या वर आलं. चहा आला, कप परत गेले. मी दोन-तीनदा नातीचा विषय काढला, मग समोरचं मासिक उघडलं. तासाभराने त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "पाव्हणं, इमान उचललं का वो?"

मी म्हटलं, "मघाशीच उचललं."

"व्हय का," ते म्हणाले, आणि त्यांनी खिडकीचा पडदा खाली ओढून घेतला.