दिवाळसणाची चाकं

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. शैलाला नाही — आणि रक्तातल्या साखरेचा आकडा सोडला तर बायकोपासून मी काही लपवत नाही. इथे सिंगापूरला, बेडोकमधल्या आमच्या ब्लॉकखाली रोज सकाळी कोपी — म्हणजे इथली कॉफी — प्यायला जमणाऱ्या दोस्तांना तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. कारणं द्यायला लागलो की मी फार गोड बोलतो, तेव्हा कारणं राहू देत.

सरळच सांगतो. माझ्या मुलीचा उजवा हात कायमचा अधू झाला तो माझ्यामुळे, आणि त्याचा दोष आजही माझा जावई वाहतोय. एवढं लिहून मी उठलो, खिडकीशी जाऊन उभा राहिलो, पाणी प्यायलो, परत येऊन बसलो. वाक्य अजून तिथेच आहे.

मी मरीन इंजिनिअर. उमेदीची वर्षं जहाजांच्या पोटात गेली, नंतर इथल्या बंदरात दुरुस्तीच्या कामांवर देखरेख केली. यंत्र म्हटलं की आमच्या इथल्या मराठी मंडळींत सगळे माझ्याकडे बघतात — कुणाचा एसी असो, कुणाचं वॉशिंग मशीन — आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? बर्फही मी पाहिला होता. म्हणजे डेकवर उभं राहून, लांबून, हातातला चहा संपेपर्यंत. मग खाली उतरायचं; आणि इंजिन रूम जगाच्या कुठल्याही टोकाला गेली तरी भट्टीच. पण घरी सांगताना मी असा सांगायचो, की जणू उत्तर ध्रुवावर माझं एक बिऱ्हाड होतं.

केतकी आमची एकुलती एक. इथेच वाढली, इथेच दातांची डॉक्टर झाली. तिचं लग्न पुण्याच्या ओंकारशी झालं. ओंकार नोकरीला कॅनडात, एडमंटनला. कमी बोलणारा मुलगा. इतका कमी, की पहिल्या भेटीनंतर शैला म्हणाली होती, ह्याला आपण आवडलो की नाही ते पुढच्या वर्षी कळेल. लग्नानंतर केतकी तिकडे गेली, तिथे दवाखान्यात काम करता यावं म्हणून परवान्याच्या परीक्षांना बसू लागली, आणि बघता बघता पहिली दिवाळी आली.

पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण. जावयाला घरी बोलवायचं, ओवाळायचं, काहीतरी घसघशीत द्यायचं. पण त्यांना रजा नव्हती. मग मीच फोन करून विचारलं, ओंकारराव, काय पाठवू? तो नेहमीसारखा म्हणाला, काही नको बाबा. मागून केतकीचा आवाज आला, हिवाळ्याचे टायर घ्यायचेत आणि हा नुसता पुढे ढकलतोय. मी म्हटलं, झालं तर मग, दिवाळसण म्हणून तेच. थोड्या वेळाने ओंकारचा मेसेज आला. गाडी कोणती, टायरचा आकार काय, आणि शेवटी, 'साधी स्टीलची चाकं आणि त्यांवर विंटर टायर, एवढं पुरे, बाबा.'

त्या दुपारी मी पंखा फुल करून, बनियनवर, लॅपटॉपसमोर बसलो. आणि काय सांगू तुम्हाला — मी थक्क झालो. कॅनडातल्या ऑनलाइन दुकानाला गाडीचं नाव सांगितलं तर पडद्यावर तीच गाडी उभी. रंगसुद्धा तोच. एक चाक निवडलं की ते गाडीला बसलेलं दिसायचं, दुसरं निवडलं की दुसरं. टायर चाकांवर चढवून, हवा भरून, चारही नग दारात आणून देणार. घामाने खुर्चीला चिकटलेला एक माणूस इथे बोट हलवतो, आणि पृथ्वीच्या पार पलीकडे एका गोदामात कुणीतरी त्याच्यासाठी बर्फात चालायची चाकं काढायला निघतो. हा चमत्कार नाही तर काय? यंत्रांत आयुष्य गेलं माझं, तरी मी लहान पोरासारखा चाकं बदलून बदलून बघत होतो.

स्टीलची चाकं मात्र बघवेनात. काळी, बोजड, भोकं पाडलेल्या तव्यासारखी. दिवाळसणाला जावयाला तवे पाठवायचे? व्याह्यांना फोटो काय दाखवणार? तिथेच शेजारी अलॉयची चाकं होती — चांदीसारखी, पाकळ्या पाकळ्यांची, आणि त्यांवर चढवलेले रुंद, रुबाबदार टायर. लावून पाहिली तर गाडी नवरदेवासारखी दिसायला लागली. मी तीच मागवली. फोटो पुण्याला व्याह्यांना पाठवला, आमच्या ग्रुपवरही टाकला. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, चुकलं बिचाऱ्याचं, सिंगापूरच्या माणसाला बर्फाचं काय कळणार? पण मी मधलं एक गाळलं. बघा ना, कबूल करायला बसलोय आणि तरी गाळलं.

मागवण्याआधी पडद्यावर एक पिवळी पट्टी आली होती. तुम्ही निवडलेले टायर बारमाही आहेत, बर्फाच्या आणि गोठलेल्या रस्त्यांसाठी नाहीत, तरी पुढे जायचं का? मी ती वाचली. चष्मा लावून, नीट वाचली. कडाक्याच्या थंडीत ह्या टायरचं रबर घट्ट होतं आणि पकड सुटते, हेही खाली लिहिलं होतं. त्या चांदीच्या चाकांवर हिवाळी टायर त्या दुकानात मिळत नव्हते; हिवाळी हवे तर तवेच. मी स्वतःशी म्हणालो, दुकानदार असंच घाबरवतात. टायर रुंद तेवढी पकड जास्त, इतकं मला कळतं. आणि मी पुढे गेलो.

अजून एक आहे. चाकं पोचली तेव्हा ओंकारचा फोन आला. हा मुलगा आपणहून कधी फोन करत नाही. फार अवघडून बोलत होता. चाकं सुंदर आहेत बाबा, म्हणाला, पण इथे खऱ्या हिवाळी टायरवर डोंगर आणि हिमकण असं एक चिन्ह असतं, ते ह्यांवर दिसत नाहीये. अजून लावलेली नाहीत, परत पाठवता येतील. त्या क्षणी मला सगळं ठाऊक होतं. ती पिवळी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती. पाठवा परत, एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "ओंकारराव, कंपनीच्या इंजिनिअरशी मी स्वतः बोललोय. नव्या टायरवर ते चिन्ह नसतं. बिनधास्त लावा."

मी कुणाशीही बोललो नव्हतो. दिवाळसणाची भेट, त्यात सासऱ्याचा शब्द, त्यात सासरा इंजिनिअर — तो बिचारा काय बोलणार? बरं बाबा, म्हणाला. आणि माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं, सांगू? फोटो सगळ्यांना दाखवून झालेत, आता परत पाठवली तर हसं होईल. माझ्या पोरीचा जीव त्या गाडीत बसणार आहे, हे डोक्यात नव्हतं. हसं होईल, हे होतं.

डिसेंबरात ती दोघं केतकीची एक परीक्षा आटोपून घरी येत होती. चौकाच्या आधी उतार होता. ओंकारने ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही. वेग काही फार नव्हता. गाडी आडवी होत, सावकाश, अगदी निवांत घसरत गेली आणि केतकीच्या बाजूने खांबावर आदळली. तिच्या मनगटाचा चुरा झाला. शस्त्रक्रिया झाली, पट्ट्या आल्या, स्क्रू आले. हात जुळला, पण बोटांतली ती बारीक ताकद परत आली नाही. दातांच्या डॉक्टरला तिची बोटं म्हणजे काय, हे मी सांगायला हवं का? परीक्षा सुटल्या. आता ती कॉलेजात शिकवते. चांगलं शिकवते म्हणतात. हाताने करून दाखवायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला तरी पुढे करते.

अपघाताची बातमी आली तेव्हा फोन स्पीकरवर होता. शैला रडत होती, आणि रडता रडता ओंकारला म्हणाली की जरा हळू चालवायची ना हो गाडी. मी तिथेच बसलो होतो. तोंड उघडायची हीच वेळ होती, नाही का? — आणि मी उघडलं.

"रस्ता बघून चालवावी, ओंकारराव."

"हो बाबा," तो म्हणाला. "चुकलं माझं."

मला कुणी काही विचारलं नव्हतं. नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. तरी ते वाक्य मी बोललो, आणि बोलल्यावर — हे लिहायला लाज वाटते — मला थोडं हलकं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही एडमंटनला गेलो. विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि श्वास नाकातच गोठला. पापण्या चिकटायला लागल्या. ओंकार आम्हाला नदीवर घेऊन गेला. नदी उभी होती. रुंद, पांढरी, ह्या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेली, आणि तिच्यावरून एक बाई कुत्र्याला फिरवत चालली होती. जन्म पाण्यावर काढला मी. पाणी असं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, लाट नाही, नुसता प्रकाश. मी खरोखर हात जोडले. शैलाला वाटलं थंडीने जोडले. आणि हात जोडलेलेच असताना मनात आलं, हे असतं होय? ह्याच्यावर मी माझ्या मुलीला चांदीच्या पाकळ्या लावून पाठवलं होतं?

ओंकारच्या गाडीला आता काळी स्टीलची चाकं होती. एका सकाळी तो काचेवरचा बर्फ खरवडत होता, मी खाली गेलो, हातमोजा काढला आणि टायरला हात लावला. लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटावी अशी ती थंडी, आणि रबर मऊ होतं. नख रुतलं. सगळ्या अंगावर बारीक बारीक चिरा होत्या, दोरा जाईल न जाईल एवढ्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीने बर्फ धरून ठेवायचा. कुणीतरी ह्या थंडीचा किती विचार केला असेल! आणि तो सगळा विचार त्या दुपारी माझ्यासमोर होता, मी त्याला तवा म्हणालो. मी वाकून बघतच राहिलो. ओंकार खरवडायचा थांबला आणि माझ्याजवळ आला. गाडी गॅरेजला गेली तेव्हाच त्याला टायरचं कळलं असणार. इतक्या महिन्यांत तो एक अक्षर बोलला नव्हता.

"बाबा, त्या दुकानवाल्यांनी तुम्हाला फसवलं," तो म्हणाला. "मी केतकीला काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, माझंच लक्ष नव्हतं. वाटू दे. तिला हाताचं दुःख पुरे आहे, त्यात वडील कशाला?"

माणूस एवढा मोठा असू शकतो? घराएवढी इंजिनं पाहिली मी, मजले चढून जावं लागतं अशी. त्यांच्यासमोर मी कधी लहान झालो नव्हतो. त्या मुलासमोर झालो. स्वतःच्या बायकोच्या नजरेत तो कायमचा कमी पडायला तयार झाला होता — एका भाबड्या, फसलेल्या सासऱ्यासाठी. आणि तसा सासरा नव्हताच. मला कुणी फसवलं नव्हतं. मी वाचलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही मला माहीत होतं, ओंकारराव — हे शब्द माझ्या जिभेवर होते. आणि मी काय म्हणालो?

"हो ना. हल्ली कुणाचा भरवसा राहिला नाही."

त्याने मान हलवली. मग आम्ही वर जाऊन पोहे खाल्ले.

गेल्या डिसेंबरात ती दोघं इथे आली होती. मलेशियात मलाक्काला जायचं ठरलं, भाड्याने गाडी आणली. ब्लॉकखालच्या पार्किंगमध्ये आम्ही सामान भरत होतो. लांबचा रस्ता आहे, तुम्ही दमाल बाबा, मी चालवतो, असं म्हणत ओंकार किल्ली घेऊन निघाला. केतकी डाव्या हाताने बॅग उचलत होती. ती हसून इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली,

"नो लाह. बाबा, तूच चालव. ह्याचं ड्रायव्हिंग आपण बघितलंय, वन टाइम इनफ."

थट्टेतच म्हणाली ती. शैलाही हसली. ओंकारने माझ्याकडे बघितलंही नाही, मला अवघडायला नको म्हणून. मग गाडीला वळसा घालून आला आणि किल्ली माझ्यापुढे धरली. मी ती घेतली, आत बसलो, आरसा नीट केला आणि गाडी सुरू केली.