पडद्याच्या उलट्या बाजूला

बाजारतळावरचा सिनेमाचा तंबू उठला की मागे खुंट्यांची भोकं, शेंगांची टरफलं आणि किस्से राहतात. भोकं पुढच्या बाजारापर्यंत बुजतात, टरफलं शेळ्या खातात. किस्से मात्र आम्ही राहुरीच्या बायका वर्षभर पुरवतो, आणि दर खेपेला त्यात थोडं मीठ वाढतं!

माहेरच्या मैत्रिणी विचारतात, यंदा कुठले सिनेमे आवडले, कुठली गाणी आवडली? त्या नगरला खुर्चीवर बसून सिनेमा बघतात. मी काय सांगणार? यंदाचा प्रत्येक सिनेमा मी एक डोळा पडद्यावर आणि एक मांडीवरच्या अनंतावर ठेवून पाहिला. माझ्या मुलाला ऐकू येतं की नाही, ही एकच शंका मला वर्षभर आहे. बाकी सगळ्यांच्या मते मला शंकेचाच रोग आहे. तेही खरं असेल!

*

तंबूत पडदा मधोमध. मशीनच्या बाजूला पुरुष, पलीकडे आम्ही. त्यामुळे आम्हाला सगळा सिनेमा उलटा दिसतो. पण तिकीट स्वस्त, म्हणून कुणी बोलत नाही. यंदाचा पहिला खेळ पौराणिक. पंगतीचा सीन आला आणि राजा डाव्या हाताने जेवू लागला.

सासूबाई ओरडल्या, "अगं बाई! एवढा पुण्यवान राजा, आणि डाव्या हाताने जेवतोय मेला!"

आमचे हे शाळेत मास्तर. घरी आल्यावर त्यांनी आईला पाटीवर आकृती काढून समजावलं की राजा उजव्यानेच जेवत होता. सासूबाई म्हणाल्या, "तू तिकडे बसला होतास. आम्ही डोळ्यांनी पाहिलं!"

*

सुरुवातीला नावं येतात, ती वाचायचं काम माझं. मी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झालेली ना! पण ती अक्षरंही उलटी. मी पहिल्याच नावाशी झटत असताना बाकीची निघून गेली.

शेजारची सगुणा शिंपीण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमी शाळंत बसल्या हुत्या का शाळंमागं?"

*

सासूबाईंसारखी सिनेमा बघणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. एकदा सिनेमा सुरू झाला की पडद्यावरची नजर हलायची नाही. शेंगा सोलतील, पान लावतील, सगळं चाचपून! एकदा त्यांच्या पदराजवळ विंचू निघाला. बायका किंचाळत उठल्या. सासूबाई नुसत्या जरा सरकल्या आणि म्हणाल्या, "गाणं संपू दे, मग मारा!"

*

मग दरोडेखोरांचा सिनेमा आला. बंदुकीचा बार उडाला आणि आमच्या बाजूची झाडून सगळी पोरं एकदम भोकाड पसरून रडू लागली. मॅनेजर बॅटरी घेऊन धावत आला, "रडकी पोरं भाईर न्या!" बॅटरीचा उजेड फिरत फिरत अनंतावर थांबला. तो गाढ झोपलेला.

"ह्याला म्हनत्यात पोर! ह्याच्या आईला फुडचा खेळ फुकट!"

सगुणा म्हणाली, "लई गुनाचं हाय बया. घरी जाऊन दृष्ट काढ."

काढली. मीठमोहऱ्या उतरवल्या, आणि मग पितळेचं ताम्हण त्याच्या पाठीमागे फरशीवर टाकलं. सासूबाई परसातून धावत आल्या, "काय पडलं गं?" अनंता आपल्या पायाचा अंगठा निरखत होता.

"हातातून निसटलं," मी म्हटलं. त्या आठवड्यात माझ्या हातून इतकी भांडी निसटली, की सासूबाईंनी ह्यांना सांगितलं, "हिला वैद्याला दाखव. हातात जोर राहिला नाही पोरीच्या!"

*

यंदाचं सगळ्यात चांगलं गाणं कुठलं, याबद्दल मात्र गावात दुमत नाही. एका विधवेच्या सिनेमातली अंगाई. तंबूच्या कर्ण्यावर रोज दिवेलागणीला ती रेकॉर्ड लागायची. सगुणाची म्हैससुद्धा कान टवकारायची!

मी ती अंगाई शिकले. अनंताला मांडीवर घेऊन सूर लावायचे, तर बहुतेक वेळा तो आधीच झोपलेला. हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "शहाणा आहे. तू सुरू करायच्या आत सुटका करून घेतो!"

मीही हसले. आवाज माझा बरा नाहीच. त्याला तो आवडत नसेल, एवढंच असू दे, असं मला त्या दिवसांत फार वाटे.

*

ख्रिस्ती वस्तीतल्या शाळेच्या रूथबाई आमच्याबरोबर तंबूत यायच्या. माझी शंका ऐकून त्या एकट्या मला हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नगरला दवाखान्यात दाखवा. शंका आहे तर फेडून घ्या."

सगुणा म्हणाली, "काई नगं! माझा दीर पाच वर्साचा हुईस्तवर बोलला न्हवता. आता गप बस म्हणलं तरी बसत न्हाई!"

मी ह्यांच्याकडे नगरचं काढलं, तर हे म्हणाले, "सिनेमे बघून बघून डोकं फिरलंय तुझं. तिथे आंधळ्याला दिसतं, मुका बोलतो. आपल्या घरात असलं काही नाही." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही!"

त्याच आठवड्यात आंधळ्या मुलीचा सिनेमा होता. शेवटच्या रिळात तिला दृष्टी आली. पुरुषांच्या बाजूने हे लाल डोळ्यांनी बाहेर आले. मी बघितलं, तर म्हणाले, "धूर फार होता आज."

*

आणि हा किस्सा शेवटच्या खेळाचा. सिनेमा विनोदी. अनंता जागा, माझ्या मांडीवर उभा राहून टाळ्या पिटत होता. ऐन रंगात मशीनचा आवाजच गेला! चित्र चालू, माणसं नुसते ओठ हलवतायत. पलीकडून शिट्ट्या, आरडाओरडा. कुणी म्हणे पैसे परत द्या, कुणी ऑपरेटरचा उद्धार करतोय. इकडे बायकांनी मॅनेजरला फैलावर घेतलेलं. जाड्या नटाने नुसताच आ वासला आणि तोंड मिटलं. कुणी हसलं नाही.

अनंता मघासारखाच खदखदून हसला, मघासारख्याच टाळ्या पिटत राहिला.

सगुणाने त्याचा गालगुच्चा घेतला. "ह्याचं बघा की! ह्याचं काईच अडलं न्हाई!"

बायका पोट धरधरून हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या वळल्या आणि हातातल्या बांगड्या त्याच्या कानामागे वाजवल्या. मग पुन्हा, जोरात.

तेवढ्यात आवाज आला. सगळीकडे शांत झालं, गाणं सुरू झालं.

सासूबाईंनी अनंताला आपल्या मांडीवर घेतलं, आणि उरलेला सगळा सिनेमा पडद्याकडे पाठ करून बसून राहिल्या.