हसताय काय, गाडी काढा!

आमच्या मामांनी ज्याची नक्कल केली नाही, असा माणूस अख्ख्या कोपरगाव तालुक्यात सापडणार नाही. सापडलाच तर तो परगावचा असणार. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नोकरी सगळी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. हंगामात उसाच्या ट्रकांची नि बैलगाड्यांची रांग लागली, की नाना गावचे ड्रायव्हर आणि गाडीवान काट्यावर येऊन हुज्जत घालायचे. मामा वजनही करायचे आणि हुज्जतही पाठ करायचे, आणि संध्याकाळी चपला काढण्याआधी उंबऱ्यातच तिचा प्रयोग व्हायचा. दर वाक्याला घड्याळ चाचपणारे चेअरमन, साहेबाचा फोन आला की उठून उभे राहणारे माझे वडील, देवाला हात जोडता जोडता शेजारणीची साडी निरखणारी माझी आई, कुणीही सुटलं नाही. एकदा तर त्यांनी चेअरमनच्या आवाजात कँटीनला फोन करून भजी मागवली आणि ती गरमागरम आलीसुद्धा. चेअरमननी त्यांना केबिनमध्ये बोलावलं ते झाडायलाच, पण शेवटी "करून दाखवा बरं" म्हणाले आणि पोट धरधरून हसले.

हसायची नाही ती फक्त आत्या. नक्कल संपली की मामा आधी तिच्याकडे बघायचे. ती कोथिंबीर निवडत असायची. "झालं? आता हातपाय धुवा," एवढंच म्हणायची. हिला एकदा तरी हसवायचं, हा मामांचा लग्नापासूनचा हट्ट होता आणि त्यात त्यांना कधी यश आलं नव्हतं.

मामांचा एक नियम मात्र होता. आजारी, अधू माणसाची नक्कल ते करत नसत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "ज्याला उठून आपली नक्कल करता येत न्हाई, त्याची आपुन करायची न्हाई." बाकीच्यांनी हे ऐकून सोडून दिलं होतं. आत्यानं ते लक्षात ठेवलं होतं, हे आम्हाला माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला कळलं.

सुपारी फुटली, पेढ्यांचं ताट फिरू लागलं आणि मामा नव्या पाहुण्यांना चेअरमन दाखवू लागले. मध्येच त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा ओघळला, शब्द जड झाले, उजव्या हातातला पेढा खाली पडला. मांडव हसून लोळला. "आता हे कोण?" "अहो, हे आपले तात्या, थोडी घेतल्यावरचे!" मीही हसणाऱ्यांतच होतो. तेवढ्यात आत्या हातात झारा घेऊनच बाहेर आली आणि ओरडली, "हसताय काय? गाडी काढा! ह्ये आजाऱ्याचं सोंग कदी घेत न्हाईत!"

मग सल्ले सुरू झाले. एकानं कांदा हुंगवायला आणला. दुसरा म्हणाला, "अंगावरनं वारं गेलंय हो, आमच्याकडच्या एका गावात झाडपाला देत्यात, लई गुन येतो. उद्या नेऊ." आत्यानं त्याच्या हाताला धरून त्याला बाजूला सारलं. "माझ्या आईला असंच झालं हुतं. सकाळी बगू म्हनले सगळे. ती पुन्हा बोलली न्हाई." मी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, हे नेमकं सुरू कधी झालं? आत्या म्हणाली, "सुपारी फुटली तवा चांगले हुते. पेढं वाटताना तोंड वाकडं झालं." मी फोटोग्राफरला फोन लावून पेढ्यांच्या फोटोची वेळ विचारली. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं. ते देता आलं.

जीव वाचला, पण आवाज गेला. तालुक्याचे सगळे आवाज ज्या गळ्यात होते, त्यातून नुसता घोगरा हुंकार यायचा. मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. फिजिओथेरपीच्या ताई सांगायच्या, "काका, हात वर करा," आणि हात हलायचा नाही. एक दिवस आत्या त्यांना म्हणाली, "असं न्हाई ताई. त्यास्नी इचारा, काट्यावर ट्रकवाला हात कसा करतो." ताईंनी विचारलं. मामांचा हात थरथरत खांद्यापर्यंत गेला. त्या दिवसापासून घरात ट्रकवाले, गाडीवान, चेअरमन सगळे व्यायामाला येऊ लागले. तोंडाच्या व्यायामाला आत्या स्वतः समोर बसायची. जन्मात कधी तोंड वेडंवाकडं न केलेली ही बाई रोज सकाळी दारातल्या ओट्यावर गाल फुगवायची, जीभ काढायची, "पा पा पा, का का का" ओरडायची. दूधवाला पहिल्या दिवशी दूध न घालताच परत गेला.

उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालं. मामा काठी टेकत आले. कुणीतरी भीत भीत म्हणालं, "मामा, एखादी?" मामांनी काठी माझ्याकडे दिली, नसलेला पदर कमरेला खोचला, नसलेला झारा उगारला, आणि एकेक अक्षर ओढत म्हणाले, "ह-सताय का-य? गा-डी का-ढा!"

मांडव हशानं एकदम फुटला. आत्यानं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. रडते की काय म्हणून मी पुढे झालो, तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

चेअरमनचा तो आवाज काही परत आलेला नाही. घरात शिरताना खाकरायचा माझ्या आजोबांचा आवाजही मामांच्याच गळ्यात जिवंत होता. तोही गेला आणि मला त्याची फार आठवण येते. मामांच्या तोंडाचा उजवा कोपरा अजून जरा खालीच असतो, चहा ओघळतो, आत्या पुसते. लग्नाहून परतताना ते माझ्या शेजारी बसले होते आणि आत्या मागे डुलकी घेत होती. बराच वेळ शब्दांची जुळवाजुळव करून त्यांनी हळूच विचारलं,

"हस-ली ना?"

"हसली, मामा."

"मंग... झा-लं," ते म्हणाले, आणि उजव्या हातानं, स्वतःच, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.