पैसे भरून शिकलेली मंगलाष्टकं

आता हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. जाऊ द्या, हसा. भर मांडवात दोनशे माणसांसमोर जिची फजिती झाली, तिला तुम्ही चार जण हसलात तर काय मोठा फरक पडणार आहे?

तर मला मंगलाष्टकं रचायचा भारी नाद. शिक्षण म्हणाल तर दहावी पास, पण अकोल्यात आमच्या गल्लीत कुणाचं लग्न निघालं की पहिला निरोप माझ्याकडे येतो. आजोबा, काका, आत्या, मामा, सगळ्यांची नावं मी ओळीत बरोब्बर बसवून देते. आणि हे नावांचं प्रकरण आमच्याकडे फार नाजूक असतं बरं का. भाजीत मीठ कमी पडलं तर पाहुणा एकवेळ गप्प बसेल. मंगलाष्टकात नाव राहिलं तर तो बारशापर्यंत बोलून दाखवतो.

माझ्या भावाच्या पल्लवीचं लग्न ठरलं. भाऊ बाळापूरला असतो. थोडा कापूस, बाकी फुलांचे वाफे. त्या वर्षी कापसात बोंडअळी शिरली, आणि फुलांना तोडणीची मजुरी निघेल एवढाही भाव नव्हता. म्हणून लग्न साधंच करायचं ठरलं. मुलाकडचे बडनेऱ्याचे, माणसं समजूतदार. हुंडा नको, बँड नको म्हणाले. फक्त एकच मागणं: मंगलाष्टकं म्युझिकवर झाली पाहिजेत. त्यांच्याकडे सगळ्यांची तशीच झाली होती.

भाऊ ऑर्केस्ट्रावाल्याचा भाव ऐकून आला आणि ओट्यावर बसून राहिला. मला त्याचा चेहरा पाहवेना.

"तू नको टेन्शन घेऊ," मी म्हटलं. "म्युझिक मी करते."

"तू? कायवर करतं?"

"कॉम्प्युटरवर."

सांगा बरं, मला कॉम्प्युटरवर काय येत होतं? लेकीचा जुना लॅपटॉप घरात होता, त्यावर मी रोज न चुकता धूळ पुसत होते.

भावाच्या शेजारी रशीदभाई राहतात. मांडव आणि साउंडचा त्यांचा धंदा. गाणी जोडायचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे होतंच. ते म्हणाले, "ताई, मी शिकवतो नं. मी तरी कुठं शाळेत गेलतो? हात मारू मारू शिकलो. आठ दिवस या, फुकटात शिका."

आणि इथे माझी बुद्धी फिरली. माझं आपलं ठाम मत, फुकटची विद्या टिकत नाही. शिकवणी लावली की मन लागतं. मी मोबाइलवर एक कोर्स शोधून काढला. 'घरबसल्या संगीत निर्मिती', मराठीतून, तीस भाग, शेवटी प्रमाणपत्र. एका चांगल्या साडीचे पैसे गेले. ती साडी लग्नात नेसायची होती, पण विद्येपुढे साडी काय?

"ताई, कायले पैसे घालता?" रशीदभाई म्हणाले. "हे सारं फुकट दिसते मोबाइलवर."

"फुकट दिसते, भाऊ. पण येते का?" मी म्हटलं. काय रुबाब होता तेव्हा माझा.

कोर्सचे सर होते पंचविशीतले, पण शिकवायचे छान. त्यांनी सांगितलेलं सॉफ्टवेअर मी लॅपटॉपवर घेतलं, वही केली. ट्रॅक म्हणजे काय, टेम्पो म्हणजे काय, तबला कुठून घ्यायचा, बासरी कुठून आणायची, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. सर म्हणाले, आवाज रेकॉर्ड करताना पंखा-कूलर बंद ठेवा आणि भोवती जाड कापड असू द्या, म्हणजे आवाज घुमत नाही. आता महिना मे, गाव अकोला. तुम्हाला सांगायला नको. भर दुपारी कूलर बंद करून मी डोक्यावरून दुलई घेतली आणि आत बसून गायले.

आमचे हे ऑफिसातून लवकर आले, दारातच थांबले.

"काय झालं? थंडी वाजून राहिली का?"

"चूप बसा. रेकॉर्डिंग चालू आहे."

"अवो, मरशान नं उकाड्यानं."

ते 'मरशान'सुद्धा रेकॉर्ड झालं. मंगलाष्टकात ते कसं चालेल? ते कापायला मला दोन दिवस लागले.

पण काम झालं हो. बासरी, तबला, मधे सनईची फिरत, त्यावर माझा आवाज. लॅपटॉपवर मी पन्नास वेळा ऐकलं आणि पन्नास वेळा डोळ्यांत पाणी आलं. मग वहीत लिहिलेलं शेवटचं बटण दाबलं, गाण्याची फाइल तयार झाली, ती पेनड्राइव्हमध्ये घातली आणि लॅपटॉपही पिशवीत घेऊन बाळापूरची एसटी धरली.

मांडवात रशीदभाईंनी विचारलं, "ताई, पुरं ऐकलं नं?"

"पन्नासदा."

अंतरपाट धरला गेला. पल्लवीच्या मागे तिचे मामा, नवरदेवाच्या मागे त्याचे मामा, देविदासराव. रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र सदरा, फेट्याचा तुरा हातभर. भटजींनी खूण केली, रशीदभाईंनी बटण दाबलं आणि माझी बासरी सगळ्या मांडवात घुमली. बायका माना वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदर सारखा केला. ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं अर्धं मिनिट.

मग गाणं गप्प झालं.

ओळीच्या मधोमध. आता मंगलाष्टकात आवाज थांबला की माणूस काय करतो? अक्षता टाकतो. दोनशे हातांनी तेच केलं. तेवढ्यात चार सेकंदांनी गाणं पुन्हा सुरू झालं. लोक चपापले. अर्ध्या मिनिटानं पुन्हा गप्प. पुन्हा अक्षता. भटजी हातानं थांबा थांबा करत होते, लोकांना वाटलं, टाका टाका म्हणताहेत.

मी रशीदभाईंकडे पाहिलं. ते वायरी हलवत होते.

एवढ्यावर निभावलं असतं. पण पल्लवीच्या मामांचं नाव खणखणीत ऐकू आलं आणि मग आली देविदासरावांची ओळ. मी किती मायेनं रचली होती:

मामा सज्जन देविदास दिसती पाठी उभे शोभुनी

मांडवात काय ऐकू आलं? "मामा", मग सुतकासारखी शांतता, मग "उभे शोभुनी".

देविदासराव शोभून उभे राहिले नाहीत. ते सरळ खाली उतरले आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"तिच्या मामाचं नाव बराबर येते," ते म्हणाले, "अन् माह्यावरच कावून बंद पडते?"

"मामा, मशीन हाय ते," नवरदेव अंतरपाटामागून म्हणाला.

"मशीनले मुलीकडचे अन् मुलाकडचे समजते वाटते."

भाऊ माझ्याकडे बघत होता. ओट्यावरचाच तो चेहरा. मला वाटलं, पोरीचं लग्न माझ्या हौसेपायी अडलं. रशीदभाईंनी मशीन बंद केलं, माइक आणून माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "ताई, म्हणा. गळ्याले वायर नाही लागत."

ना बासरी, ना तबला. मी देविदासरावांकडे तोंड करून त्यांचीच ओळ आधी म्हटली. मग वाटलं, इतक्यानं भागणार नाही, म्हणून पुन्हा म्हटली, अजून सावकाश.

देविदासरावांनी फेटा उचलला. "दोनदा घेतलं नं?" त्यांनी शेजारच्याला विचारलं.

"दोनदा."

"मुलीच्या मामाचं?"

"एकदाच."

ते हसत हसत जागेवर जाऊन उभे राहिले. बाकीची कडवी मी तशीच म्हटली. अक्षता केव्हाच संपल्या होत्या, म्हणून बायकांनी मांडवाच्या माळा ओरबाडल्या आणि पल्लवीवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या. मुलाकडच्या बायका म्हणाल्या, असं फुलांचं लग्न आम्ही पाहिलं नाही. भाऊ तर असा मान हलवत होता की जणू हे आधीपासूनच ठरलं होतं.

जेवणं झाल्यावर रशीदभाईंनी लॅपटॉप उघडून पाहिला. "ताई, हे तर सॉफ्टवेअरचं नमुन्याचं वर्जन हाय. लॅपटॉपवर बराबर वाजते, पण फाइल केली का मधामधात आवाज कापते. कोर्सात नाही सांगतलं?"

तीस भागांत कुठेही नाही. माझी वही साक्षीला होती. पैसे घेऊन अशी फसवणूक? दुसऱ्या दिवशी मी तावातावानं कोर्सवाल्यांना फोन लावला. एका गोड आवाजाच्या मुलीनं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, तीस भागांच्या आधी कोर्सची ओळख करून देणारा एक भाग आहे. त्यात सर पहिली दहा मिनिटं फक्त हेच सांगतात. तो पाहिला नाहीत का तुम्ही?"

"तो होय," मी म्हटलं. "त्यावर 'मोफत' लिहिलं होतं, बाई. आम्ही पैसे भरलेली माणसं, तो कशाला पाहू?"