अर्धी भिंत
भिजवलेल्या चुन्याचा वास आला की लाखनीच्या घरातली दिवाळीआधीची ती सकाळ आठवते. बाबा शिडीवरून उतरले आणि "झाली पुरी" म्हणाले. भिंतीची उजवी बाजू पांढरीशुभ्र होती, डावीला चुन्याचा थेंबही नव्हता. "बाबा, अर्धी काहून सोडली?" मी विचारलं. त्यांनी भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. "कोनती अर्धी? पुरी तं हाय." मग त्यांनी बादलीत फक्त उजवा हात धुतला, डावा चुन्यानं माखलेलाच राहिला. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, पण मेंदूनं डावी बाजू सोडून दिली आहे, आणि सोडली हेही त्याला कळत नाही. आज मीच चुना मारून उतरलो. भिंत पुरी दिसली, तरी लेकीला बघायला बोलावलं. बाबांनाही पुरीच दिसली होती.