ओल्या लाकडाला बारीक दातांचं पातं

मंडळी, डोकं अजून तापलंय, म्हणून थेट नेरूळच्या सायबर कॅफेत येऊन ग्रुपला लिहितोय.

दादाची आणि माझी टेम्पोतून कुठेही नेता येणारी करवत मशीन आहे. आज शिरवण्यात एका नाखवाकाकांच्या होडीसाठी ओंडका कापायचा होता. लाकूड ओलं, म्हणून मी दादाला मोठ्या दातांचं पातं आणायला सांगितलं होतं. त्यानं बारीक दातांचं आणलं, कारण दुकानदार म्हणाला, "सगळ्यात बेस्ट हेच."

भुसा दातांत अडकला, पातं तापून वाकडं जायला लागलं. मी मशीन बंद केली.

"चालू कर! धंदा मी उभा केलाय," दादा ओरडला.

"मग तूच काप. मी लाकडाची वाट लावणार नाही."

नाखवाकाका भडकले; पाण्यात जायच्या होडीच्या लाकडापाशी भांडण त्यांना नको होतं. "भांडताव कनाला? माजी होडी पान्यान जानार हाय! उचला तुमची मशीन!"

उचलली. दादानं मला जुईनगरला उतरवलं आणि म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

काम गेलं, जाऊ दे. पण सख्ख्या भावाला माझ्यापेक्षा दुकानदार खरा वाटला, हे डोक्यातून जात नाहीये. तुम्ही असता तर मशीन चालू केली असती?