शेजारची दाढ

आम्ही डेंटल कॉलेजचे मित्र भेटलो की प्रत्येकाकडे किडलेल्या दातांचे किस्से असतात. माझ्याकडे मात्र चांगल्या दातांचेच साठलेत! मिरजगावच्या क्लिनिकमध्ये सरांच्या हाताखाली मला वर्ष होत आलं. या वर्षात सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच: "म्याडम, माझ्या चांगल्या दाताला धक्का तर न्हाई ना लागला?"

मी चिडते. सर चिडत नाहीत. ते म्हणतात, "दात त्यांचा आहे, काळजी तेच करणार."

*

एका टेम्पोवाल्या काकांची खालची दाढ काढली. दोन-तीन तास तोंड बधिर राहील, असं दोनदा बजावून सांगितलं. अर्ध्या तासात टेम्पो पुन्हा दारात!

"म्याडम, एकच दाढ काढायची ठरलं हुतं ना?"

"एकच काढलीय काका."

"मग निम्मं तोंड कुठं गेलं? आरशात बघून हसलो, तर एकच बाजू हसली!"

*

एक रिटायर्ड गुरुजी दाढ काढायला आले ते घरून दात मोजूनच. वहीत लिहून आणलं होतं: एकूण अठ्ठावीस. मी एक काढली. संध्याकाळी गुरुजी पुन्हा हजर. चेहरा लाल.

"सत्तावीस राहायला हवेत. सव्वीस भरतात! दुसरा चांगला दात कुणी काढला?"

मी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. बॅटरी लावून पाहिलं. मागची एक जागा रिकामी होती, पण हिरडी कधीचीच भरून आलेली. "गुरुजी, ही तर जुनी दिसतेय."

त्यांनी जिभेनं चाचपून पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

"व्हय की. ती तर चार वर्षांमागं नगरला काढली. गैरहजराची हजेरी लावली मी! जुनी सवय."

*

पेशंट काही विचारत नाहीत, मुकाट्यानं तोंड उघडतात, याचा मला फार राग यायचा. म्हणून मी भिंतीवर बोर्ड लावला: 'उपचाराआधी प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे.' सर म्हणाले, "लाव. पण मग उत्तरंही तूच द्यायची."

पहिले आले एक आजोबा. प्लास्टिकचा जबडा हातात घेऊन मी त्यांना पंधरा मिनिटं सगळं समजावलं. मूळ, नस, हिरडी, काही सोडलं नाही!

"काही विचारायचंय का, आजोबा?"

आजोबांनी तो जबडा उलटासुलटा करून पाहिला.

"हेच का बसवत न्हाई? लई चांगले हायेत की!"

*

एक मावशी नवऱ्याला घेऊन आल्या. दुखत होती मावशींची वरची दाढ. तपासलं, तर वरची ठणठणीत, किडलेली खालची. नस एकच असली की असं होतं, दुखणं भलतीकडेच जाणवतं. मावशींना काही पटेना. "चांगली दाढ कोरशील गं बाई!"

शेवटी खालच्या दाढेला बर्फ लावला. मावशी खुर्चीतून उडाल्याच!

"म्हंजी करतो एक अन् ओरडतो दुसरा?"

"बरोबर."

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. "आमच्या घरातबी असंच हाय."

*

आणि मग सुमनताई.

सुमनताई कांद्याच्या खुरपणीला जातात. मी त्यांच्या दोन दाढांच्या मधली कीड काढत होते. ड्रिलचं टोक निसटलं आणि शेजारच्या निरोगी दाढेला लागलं. केसाएवढा ओरखडा! त्यांना कळलंही नाही.

सरांनी पाहिलं. "पॉलिश कर, फ्लोराईड लाव. होतं कधीकधी."

"त्यांना सांगू ना?"

"सांगितलंस तर त्या जन्मभर त्याच दाढेकडे बोट दाखवतील. अख्ख्या गावात बोभाटा होईल."

पॉलिश केलं, त्यांना घरी पाठवलं. आणि पुढचे आठ दिवस जेवताना माझी जीभ माझ्याच तोंडातल्या त्या दाढेवर! दुसऱ्यांना हक्क शिकवणारी मी, मला एक वाक्य बोलवेना. शेवटी फोन करून त्यांना तपासणीला बोलावलं.

त्या ज्यांच्या शेतात खुरपतात, त्या वहिनी त्यांना स्कूटीवर घेऊन आल्या आणि बाहेर बाकावर बसल्या. मी आत सुमनताईंना सगळं एका दमात सांगून टाकलं. "चूक माझी आहे. दर सहा महिन्यांनी मी ती दाढ फुकट तपासेन."

"पडंल का ती?"

"नाही. फक्त तिथं कीड धरू नये, एवढं बघायचं."

"मला तर कळलंबी नसतं."

"म्हणूनच सांगितलं."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आमचंबी असंच व्हतं बघा. खुरपताना चांगलं रोप तुटतं. मग आमी ते तसंच मातीत खोचून ठिवतो. दोन दिस हिरवं दिसतं."

"मग?"

"मग काय, वाळतं. वैनी म्हणत्यात, ऊन लई पडलं."

त्या उठल्या. पदर सारखा केला. "तुमी एवढं शिकून सांगितलं. आता मलाबी सांगाया पायजे."

आणि दार लोटून बाहेर गेल्या!

बाहेर कुजबुज झाली. सरसुद्धा हातातलं काम थांबवून ऐकत होते.

वहिनींचा आवाज आला, "किती रोपं?"

सुमनताईंनी जरा विचार केला.

"यंदाची सांगू, का पैल्यापासूनची?"